जंगल सफारीची स्वस्तातली तयारी: काय घ्यायचं, कुठून घ्यायचं आणि काय दुकानातच ठेवायचं

पहिल्यांदा ताडोबाला निघालेल्यांची खरेदी बहुतेक वेळा उलट्या क्रमाने होते. आधी ट्रेकिंगचे बूट, मग ढीगभर खिशांचं जाकीट, मग ऑनलाइन दिसलेली '३०×६०' दुर्बीण, आणि बुकिंगचा कागद नीट वाचला जातो तो निघायच्या आदल्या रात्री. तोवर पाच-सहा हजार गेलेले असतात आणि डिसेंबरच्या पहाटे कान झाकायला मात्र काही नसतं.

सफारीत चालायचं नसतं. गाडीतून उतरायला मनाईच असते. जवळजवळ चार तास उघड्या जिप्सीत बसायचं, मुरमाच्या रस्त्यावरची धूळ अंगावर घ्यायची, आणि गाईडने हात वर केला की एकदम गप्प व्हायचं. म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेतली की एकच विचारायचं: बसलेल्या माणसाला याचा काय उपयोग? या प्रश्नावर बूट, चाकू, होकायंत्र आपोआप गळतात. जे उरतं ते बरंचसं घरातच असतं, आणि नसेल तर शोधण्यात मजा असते. दुर्बीण सोडली तर माणशी दीड-दोन हजारांच्या वर जायचं कारण नाही.

खालचं सगळं ताडोबा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. पेंच, नागझिरा, उमरेड-कऱ्हांडला इथे जाणाऱ्यांनाही बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील. क्रम मात्र मोडू नका.

१. आधी बुकिंगचा कागद, मग बाजार

बुकिंग हातात येईपर्यंत रुमालसुद्धा विकत घेऊ नका. यादी ठरते ती तीन गोष्टींवरून.

महिना: चंद्रपूरचा मे म्हणजे पारा पंचेचाळीसच्या पुढे. त्याच जंगलात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो दहाच्या खाली उतरतो, आणि गाडी धावू लागली की वाऱ्याने आणखी बोचतो. पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद असतो. बफरमध्ये, म्हणजे त्याच्या भोवतालच्या पट्ट्यात, फेऱ्या चालू असतात. तेव्हा यादी रेनकोटपासून सुरू होते.

फेरी: सकाळची की दुपारची? थंडीत सकाळच्या फेरीला अंगावर तीन थर लागतात आणि नऊनंतर ते एकेक करून उतरवावे लागतात. दुपारच्या फेरीला उलटं. ऊन असताना आत शिरता आणि अंधार पडता पडता कुडकुडत बाहेर येता.

नियम: ताडोबात सफारीला मोबाईल आत नेता येत नाही. हा एक नियम निम्मी यादी बदलतो, कारण घड्याळ, कॅमेरा, टॉर्च आणि तिकीट हे सगळं आपण एकाच खिशात घेऊन फिरायची सवय लावून घेतली आहे. बुकिंगची छापील प्रत आणि बुकिंगला दिलेलं ओळखपत्र, तेही मूळ, सोबत लागतं. मोठ्या लेन्सला वेगळं शुल्क पडू शकतं, ते आधीच वाचून ठेवा.

तपासा: तुमचं गेट कोणतं? मोहर्ली चंद्रपूरच्या बाजूला, कोलारा नागपूरहून येणाऱ्यांना सोयीचं. ऐन वेळी काही घ्यायचं राहिलं तर कोणत्या गावात थांबायचं हे यावरून ठरतं. मंगळवारी सफारी बंद असते, हेही याच कागदाशी ताडून घ्या.

२. तीन रकाने आणि माळा

वहीच्या पानावर तीन रकाने पाडा: घरात आहे, मागून आणता येईल, विकत घ्यायचं. पहिल्या रकान्यापासून भरायला लागा, तिसऱ्याकडे शेवटी जा. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. माळ्यावरची पेटी न उघडताच ते दुकानात शिरतात.

घरात हमखास सापडणाऱ्या वस्तू: विटका झालेला खाकी किंवा मेंदी रंगाचा शर्ट, माकडटोपी, गोधडी, जुनी जीन्स (हिचं काम पुढे आहे), उशीचा जाड अभ्रा, मनगटी घड्याळ आणि ड्रॉवरच्या तळाशी पडलेला डिजिटल कॅमेरा.

मागून आणायच्या वस्तू: दुर्बीण आणि मोठी लेन्स. पक्षी बघणारा एखादा मित्र, नाहीतर मित्राचा काका, प्रत्येकाच्या ओळखीत असतोच. मागताना वस्तूबरोबर ती वापरायची कशी हेही तिथेच बसून शिकून घ्या.

३. कपडे: रंग, आवाज, वारा

रंगाबद्दल लोक जितकी चिंता करतात तितकी गरज नाही. मातकट, शेवाळी, बदामी, राखाडी यांपैकी काहीही चालेल. पांढरंशुभ्र, भडक पिवळं, लालभडक नको. चितळ-सांबरांना लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्यांचे डोळे निळ्याकडे अधिक तीक्ष्ण असतात. तेव्हा झगझगीत निळा टी-शर्ट लालपेक्षा बरा, हा समज सोडून द्या. लाल टाळायचा तो नियम आणि शिस्त म्हणून.

लष्करी छापाचे कपडे घेऊ नका. जिप्सीच्या मागच्या सीटवर बसून लपायचं कुणापासून? शिवाय लष्करासारखे कपडे सामान्यांनी घालू नयेत, असं आवाहन आपल्याकडे होतच असतं.

रंगापेक्षा महत्त्वाचा आवाज. सफारीतला खरा थरार बऱ्याचदा डोळ्यांना नाही, कानांना मिळतो. जिप्सी बंद करून सगळे ऐकत बसतात: वानराचा खर्रर्र, चितळाचा तीक्ष्ण कॉल, सांबराचा 'पोंक'. वाघ-बिबट्याची चाहूल लागली की ही जनावरं असे इशाऱ्याचे कॉल देतात, आणि कॉल कुठून आला यावर गाडी डावीकडे जाणार की उजवीकडे हे ठरतं. नेमक्या त्या क्षणी कुणीतरी जाकिटाचं वेल्क्रो उघडतं.

म्हणून दुकानात जाकीट आधी कानाशी न्या आणि बाही बाहीवर घासा. चुरचुर, खसखस ऐकू आली की परत टांगा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू द्या. वेल्क्रोऐवजी चेन किंवा बटण असलेलं शोधा. चेनच्या टोकाला लोंबणारा धातूचा तुकडा खुळखुळत असेल तर तो काढून दोऱ्याची गाठ मारता येते.

तिसरा मुद्दा वाऱ्याचा. थंडी अडवायला जाड स्वेटर पुरत नाही, त्याच्या विणीतून वारा आरपार जातो. आत थर्मल किंवा फुल बाह्यांचा बनियन, वर साधा स्वेटर, त्यावर वारा न शिरणारं पातळ विंडचीटर, असे तीन थर हजाराच्या जाकिटाला भारी पडतात. विंडचीटर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी, मुंबईत फॅशन स्ट्रीटला, नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर घासाघीस करून मिळतं. सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करायची, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

उन्हाळ्यात पातळ सुती, सैल, पूर्ण बाह्यांचं. हाफ पँट आणि बिनबाह्यांचा टी-शर्ट घालून आलेला माणूस तासाभरात गाईडकडे दुपट्टा मागतो.

खबरदारी: नवा कपडा एकदा तरी धुऊनच घाला. खळीचा कडकपणा जातो आणि आवाजही.

पायात काय, हा प्रश्न फार चर्चिला जातो. उन्हाळ्यात सँडल, थंडीत मोजे आणि जुने कॅनव्हास किंवा स्पोर्ट्स शूज. विषय संपला.

४. डोकं, डोळे, नाक

टोपी घेताना रुंद कडांची, कडक हॅट टाळा. वाऱ्याने उडते आणि मागच्याला वाघाऐवजी तुमची हॅट दिसते. मऊ कापडाची, हनुवटीखाली दोरी बांधता येणारी टोपी दोनशे-अडीचशेत मिळते.

तपासा: टेबलफॅन फुल स्पीडवर लावा आणि टोपी घालून समोर उभे राहा. उडाली तर जंगलातही उडणार, आणि तिथे खाली उतरून ती उचलता येणार नाही.

धुळीसाठी मास्क, बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) वगैरे बरंच काही विकलं जातं. विदर्भातला सुती दुपट्टा या सगळ्यांचं काम एकटा करतो. नाक-तोंड झाकतो, मान झाकतो, ओला करून डोक्यावर घेतला की थंडावा देतो, कॅमेऱ्यावर टाकता येतो. पांढऱ्याऐवजी मळखाऊ रंगाचा घ्या. तो मुंबई-पुण्यात शोधत बसू नका, नागपुरात किंवा चंद्रपुरात उतरल्यावर घ्या. स्वस्त मिळेल आणि बांधायचा कसा तेही दुकानदारच दाखवेल.

गॉगल ही एकच वस्तू जिथे फुटपाथवर जपून. गडद काचेने बाहुली मोठी होते, आणि काचेत अतिनील किरण अडवायची सोय नसेल तर उलट जास्त किरण डोळ्यात शिरतात. 'यूव्ही ४००' असं नुसतं लिहिलेलं असून चालत नाही. चष्म्याच्या अनेक दुकानांत ते तपासायचं छोटं यंत्र असतं, तिथे दाखवून घ्या. चष्मा लावणाऱ्यांनी वर अडकवायची क्लिप घ्यावी.

५. दुर्बीण: इथे घाई नको

सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून सविस्तर.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८×४२ मधला ८ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते. ४२ भागिले ८ म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. पहाटेच्या अंधुक प्रकाशात आपली बाहुली साधारण तेवढी उघडते, म्हणून चित्र उजळ दिसतं. खिशात मावणाऱ्या ८×२१ ला हाच हिशेब लावा: जेमतेम अडीच मिलिमीटर. भर उन्हात ठीक, पण बांबूच्या बेटात सहा वाजता बसलेलं जनावर तिच्यातून काळा ठिपका दिसेल.

आता १०, १२, २० पट घेण्याचा मोह होतो. जितकं जवळ दिसतं तितकाच हाताचा कंपही मोठा होतो, आणि जिप्सीत सहा माणसं हलत असताना दहापटीच्या वर चित्र स्थिर राहत नाही. नवशिक्याने आठपटच घ्यावी. आठशे-हजारात मिळणाऱ्या दुर्बिणींवर छापलेले ३०×६०, ५०×५० हे आकडे शोभेचे असतात. पट्टी घेऊन पुढचं भिंग मोजा, साठ मिलिमीटर भरणार नाही. झूम दुर्बीणही नको, स्वस्तातल्या झूमला ना उजेड ना धार.

बरी ८×४० किंवा ८×४२ नवी घ्यायची तर साधारण पाच ते आठ हजार लागतात. त्याहून कमी बजेट असेल तर नवी वाईट घेण्यापेक्षा मागून आणा किंवा जुनी चांगली शोधा. एकाच किमतीत सरळ नळीच्या दुर्बिणीपेक्षा खांद्यासारखे बाहेर आलेले जुन्या ढंगाचे मॉडेल बहुधा जास्त चांगलं चित्र देतं, कारण ते बनवायला सोपं असतं. दिसायला गबाळं, म्हणून स्वस्त. आपल्या पथ्यावरच.

दुकानात करायच्या चाचण्या, याच क्रमाने:

अ) दुर्बीण हाताच्या अंतरावर धरून उजेडाकडे करा. मागच्या भिंगात प्रकाशाची दोन वर्तुळं दिसतील. पूर्ण गोल हवीत. कडा चौकोनी कापल्यासारख्या वाटल्या तर आतले प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवणाऱ्या काचा, हलक्या प्रतीचे आहेत.

आ) रस्त्यापलीकडच्या पाटीवर रोखा. अक्षरं दोन-दोन दिसली किंवा डोळ्यांवर ताण आला तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. अशी दुर्बीण फुकट मिळाली तरी नको, अर्ध्या तासात डोकं धरतं.

इ) चष्मा लावून बघा. रबरी कप दुमडून किंवा फिरवून आत गेल्यावर पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे.

ई) हलकेच हलवून कानाशी न्या. आत काही खुळखुळलं तर ठेवून द्या.

घेतल्यावर लावून घ्यायची पद्धत अनेकांना शेवटपर्यंत कळत नाही. उजवी नळी झाकून डाव्या डोळ्याने बघा आणि मधलं चाक फिरवून चित्र स्पष्ट करा. मग डावी झाका, आणि चाकाला हात न लावता उजव्या भिंगाजवळची छोटी कडी फिरवून उजव्या डोळ्याचं चित्र स्पष्ट करा. कडीवरच्या खुणेची जागा लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक वापरायचं. दुर्बीण मागून आणली असेल तर ही कडी मालकाच्या डोळ्यांना लावलेली असते. ती न बदलताच बरेच जण 'काही दिसत नाही हो' म्हणून दुर्बीण परत करतात.

६. कॅमेरा आणि जीन्सच्या पायाची बीन बॅग

मोबाईल नसल्यामुळे ड्रॉवरमधल्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचं भाग्य उजळतं. बाहेर काढा, चार्ज करा आणि बॅटरी किती टिकते ते एक दिवस बघा. नवं मेमरी कार्ड घेण्याआधी कॅमेऱ्यावरची खूण वाचा. नुसतं 'एसडी' असेल तर दोन जीबीपर्यंतचं, 'एसडीएचसी' असेल तर बत्तीस जीबीपर्यंतचं कार्ड चालतं. चौसष्टचं कार्ड घेऊन गेलात तर तो बहुधा ते ओळखणार नाही. फ्लॅश बंद, बटणांचा आवाज बंद, डिजिटल झूम बंद. हे घरीच करून ठेवा.

जिप्सीत ट्रायपॉड लावायला जागा नसते. लेन्सला टेकू देणारी बीन बॅग बाजारात हजाराच्या आसपास मिळते, घरी ती जवळजवळ फुकटात होते. जुन्या जीन्सचा एक पाय गुडघ्याखालून वीतभर-दीड वीत कापा. उलटा करून एक टोक दुहेरी टीप मारून बंद करा. दुसऱ्या टोकाला जुन्या पर्सची चेन शिवा. चेन बसवायचा कंटाळा असेल तर नाडी ओवायची जागा ठेवा, पण मग आत एक साधी कापडी पिशवी हवी, नाहीतर दाणे निसटतात. पिशवी रिकामीच घडी करून न्या. मुक्कामाच्या गावात किराणा दुकानातून दीड-दोन किलो तांदूळ किंवा हरभरे घेऊन भरा. गच्च भरू नका, दोन तृतीयांश पुरे. मध्ये खोलगट दाबता आली तरच लेन्स तीत बसते, घट्ट भरलेली पिशवी गाडीच्या दांड्यावरून घरंगळते. परतताना दाणे कुणालातरी देऊन टाका, किंवा घरी आणून शिजवा.

हरभरे भरले तर हात फिरवल्यावर ते कुरकुरतात, तांदूळ गप्प राहतो. मी तांदळाच्या बाजूचा.

धुळीपासून कॅमेरा वाचवायला उशीचा अभ्रा उत्तम. आत कॅमेरा, तोंड दुमडून मांडीवर. प्लॅस्टिकची पिशवी वाजते आणि गेटवर ती काढूनच घेतील.

७. पाणी, बैठक, पिशवी

स्टीलची बाटली घ्या, नाहीतर मिलिटरीच्या जुन्या सामानाच्या दुकानात मिळणारी, नमद्याचं (दाबलेल्या लोकरीचं) वेष्टण असलेली. ते वेष्टण ओलं करून ठेवलं की विदर्भाच्या कोरड्या हवेत पाणी गार राहतं. साध्या बाटलीवर ओला मोजा चढवला तरी तेच होतं. उन्हाळ्यात ओआरएसची पुडी खिशात असू द्या.

गोधडीची चौघडी सीटवर घातली तर कमरेला धक्के कमी बसतात. थंडीत तीच मांडीवर येते. औषधांच्या दुकानातली गरम पाण्याची रबरी पिशवी गोधडीखाली ठेवून बघा, सकाळचे पहिले दोन तास आजूबाजूचे हेवा करतील.

पिशवी दहा लिटरची, मांडीवर मावणारी. डेकॅथलॉनमध्ये किंवा तुळशीबागेत काही शेकड्यांत मिळते. मोठी सॅक खोलीवर ठेवा, जिप्सीत पाय ठेवायची जागा ती खाते.

आफ्रिकेत, मसाई मारा किंवा सेरेंगेटीसारख्या ठिकाणी, सफारीला निघालेल्यांसाठी एवढंच: छोट्या विमानाने जाणार असाल तर सामान बहुतेक वेळा पंधरा किलोपर्यंत आणि मऊ पिशवीतच चालतं, कडक सुटकेस नाही. काळा आणि गडद निळा रंग टाळा, त्सेत्से माशा त्यांच्याकडे येतात. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. झांबिया, झिंबाब्वेत लष्करी छापाचे कपडे घालणं कायद्याने गुन्हा आहे.

८. गच्चीवर रंगीत तालीम

निघायच्या आठवडाभर आधी सगळं अंगावर चढवून गच्चीत किंवा बाल्कनीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर तासभर बसा. पहाटेच बसा. घरचे हसतील, पण काय टोचतं, काय वाजतं, कोणता खिसा बसल्यावर उघडता येत नाही, हे तिथेच कळतं.

दुर्बिणीचा सराव पारव्यांवर करा. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची. नवशिके आधी खाली दुर्बिणीकडे बघतात, मग वर, आणि तोवर पक्षी गेलेला असतो. दहा मिनिटांच्या सरावाने हे जमतं. बिबट्या रस्ता ओलांडायला तेवढाही वेळ देत नाही.

तपासा: डोळे मिटून पाण्याची बाटली, दुर्बीण आणि दुपट्टा पिशवीतून आवाज न करता काढता येतात का? किल्ल्यांचा जुडगा आणि सुटी नाणी पिशवीतून बाहेर काढा.

खबरदारी: तालमीत जे नीट चाललं नाही त्याच्या जागी ऑनलाइन नवीन मागवू नका. ते वेळेत येईल, पण तपासायला वेळ उरणार नाही. मागून आणा किंवा त्याशिवाय जा.

९. गेटवर आणि परतल्यावर

गेटवर पोचल्यावर क्रम असा: स्वच्छतागृह, ओळखपत्र आणि छापील प्रत हातात, मोबाईल जमा करायचा किंवा खोलीवर ठेवलेला, मग कपड्यांचा बाहेरचा थर. विंडचीटर गाडीत बसण्याआधी चढवा, धावत्या जिप्सीत उभं राहून बाहीत हात घालण्याची कसरत नको. अत्तर, उग्र डिओ त्या दिवशी राहू द्या.

परतल्यावर लेन्स आणि दुर्बीण लगेच पुसायला घेऊ नका. मुरमाची धूळ म्हणजे बारीक वाळूच, कापड फिरवलं की काचेवर ओरखडे पडतात. आधी रबरी फुग्याच्या ब्लोअरने किंवा स्वच्छ, मऊ ब्रशने धूळ उडवा, मग मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे जातात. मागून आणलेली दुर्बीण असेल तर पट्टाही धुऊन, वाळवून परत करा, आणि ती छोटी कडी आधी होती त्या खुणेवर नेऊन ठेवा.